स्पॅनिशचे पदवी-अध्ययन आणि मराठीची वाट : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : स्पॅनिश, मुख्य विषय, अध्यापनाचे माध्यम, संप्रदान, रीतिभूतकाळ, रूपांतर

प्रास्ताविक

अंबरनाथ पूर्वेला औद्योगिक विकास महामंडळाचे जे वाढीव क्षेत्र आहे ते आनंदनगर या नावाने ओळखले जाते. कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती असे या परिसराचे रूप आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग पट्ट्यातील विद्यार्थी पदवी शिक्षणासाठी स्थानिक महाविद्यालयांत जातो किंवा लोकल गाडीने कल्याण-ठाण्याकडे वळतो. यांपैकी मराठी माध्यमात शिकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने मुख्य विषय म्हणून स्पॅनिश घ्यायचे ठरविले तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते, हा प्रश्न वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. स्पॅनिश कोठे आणि आनंदनगर कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा ज्या परदेशी भाषांचा उल्लेख आहे, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज व रशियन यांच्याबरोबर स्पॅनिशचेही नाव आहे. धोरणाने विषयाचे नाव घेतल्यावर तो विषय कोणासाठी आहे हे विचारणे अप्रस्तुत ठरत नाही.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर शुल्क, अंतर आणि नोकरी यांच्या भाषेत दिले जाते. ते उत्तर खोटे नाही. परंतु अपुरे आहे. आनंदनगरच्या विद्यार्थ्याला स्पॅनिशपासून दूर ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे स्पॅनिशकडे जाण्याचा रस्ता इंग्रजीतूनच जातो हे सर्वांनी धरून चाललेले गृहीतक. या गृहीतकाची भाषिक आणि वाङ्मयीन बाजूंनी तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रमाणपत्र आणि मुख्य विषय

महाराष्ट्रात स्पॅनिशचे अध्ययन प्रामुख्याने प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांच्या रूपात झाले आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाने चालविलेल्या वर्गांचे नाव या संदर्भात सर्वतोमुखी आहे. मुंबई विद्यापीठात फ्रेंच, जर्मन व रशियन यांच्या विभागांची परंपरा जुनी. कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच हा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेतला जातो हेही सर्वज्ञात आहे. स्पॅनिशचे पूर्ण पदवी शिक्षण घ्यावयाचे तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही नावे पुढे येतात. नवी दिल्लीत 2009 मध्ये इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही स्पेनची भाषासंस्था सुरू झाली. म्हणजे विषयाचे केंद्र उत्तरेला आणि दक्षिणेला आहे; महाराष्ट्राच्या वाट्याला बहुतांशी सायंकाळचे वर्ग आले.

सायंकाळचा वर्ग आणि मुख्य विषय यांत केवळ तासांचा फरक नाही. प्रमाणपत्राचा वर्ग विद्यार्थ्याला बोलते करतो. त्याला हॉटेलात खोली मागता येते, आपला परिचय देता येतो, पुढे ए-1, ए-2 अशा पायऱ्यांनी डेले परीक्षेला बसता येते. मुख्य विषयात मात्र त्याने त्या भाषेचा इतिहास, तिचे व्याकरणशास्त्र, स्पेन व लॅटिन अमेरिका यांचा सामाजिक इतिहास आणि सेर्वान्तेसपासून आजपर्यंतचे वाङ्मय अभ्यासावे, अशी अपेक्षा असते. तीन-चार वर्षांच्या अखेरीस त्याने भाषांतर करावे, समीक्षा लिहावी, शिकवावे. एका भाषेचा ग्राहक आणि एका भाषेचा अभ्यासक यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. म्हणूनच अध्यापनाच्या माध्यमाचा प्रश्न प्रमाणपत्राच्या वर्गात दुर्लक्षिता आला तरी मुख्य विषयात तो टाळता येत नाही.

वर्गात वापरली जाणारी पाठ्यपुस्तके सामान्यतः स्पेनहून येतात व ती संपूर्ण स्पॅनिशमध्ये असतात. सिद्धान्ततः तेथे कोणतीच मध्यस्थ भाषा नसते. प्रत्यक्षात विद्यार्थी अडला की शिक्षक इंग्रजीत समजावतो, विद्यार्थ्याच्या हातातील कोश स्पॅनिश-इंग्रजी असतो आणि भाषांतराचा उतारा इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये किंवा उलट असतो. दारावर पाटी नसली तरी उंबरठा इंग्रजीचाच आहे.

‘मला आवडते’ : व्याकरणाचा विसरलेला शेजार

या उंबरठ्याची खरी किंमत व्याकरणाच्या तासाला कळते. पहिल्याच वर्षी शिकवावे लागणारे एक वाक्य घ्यावे : ‘मे गुस्ता एल मांगो’. इंग्रजीच्या सवयीने विचार करणारा विद्यार्थी येथे कर्ता शोधतो. आवडणारा ‘मी’ कर्ता आणि आंबा कर्म, अशी त्याची समजूत असते. मग शिक्षक सांगतो की येथे आंबा हा कर्ता असून ‘मे’ म्हणजे ‘मला’ आहे. आंबे अनेक झाले की क्रियापदही अनेकवचनी होते, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून शिकणाऱ्यास ही रचना उफराटी वाटते व तिच्यावर तास खर्ची पडतात. आता हेच मराठीत पाहावे. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. यात समजावण्यासारखे काय उरले? ‘मे गुस्तास तू’ याचे ‘मला तू आवडतोस’ असे शब्दशः रूपांतर होते, क्रियापदाच्या द्वितीय पुरुषी प्रत्ययासकट. ‘मे पारेसे’ म्हणजे ‘मला वाटते’, ‘मे फाल्तान दोस रुपियास’ म्हणजे ‘मला दोन रुपये कमी पडतात’. जी रचना मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वी बोलते, ती त्याला पदवीच्या वर्गात अपवाद म्हणून पाठ करावी लागते. हा प्रकार हास्यास्पद नसता तर दुःखद म्हणावा लागला असता.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. स्पॅनिशमध्ये कर्म मनुष्यवाचक व निश्चित असेल तर त्याआधी ‘आ’ हे अव्यय येते. ‘वेओ ला कासा’ म्हणजे ‘मी घर पाहतो’. परंतु ‘वेओ आ मारिया’ म्हणजे ‘मी मारियाला पाहतो’. इंग्रजीत या भेदाला जागाच नाही, म्हणून त्याचे नियम, पोटनियम व अपवाद यांची यादी द्यावी लागते. मराठीत ‘ला’ नेमके हेच काम करतो. ‘बुस्को उन मेदिको’ आणि ‘बुस्को आ उन मेदिको’ ही जोडी तर विशेष लक्षणीय आहे. पहिल्या वाक्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात विशिष्ट डॉक्टर अभिप्रेत आहेत. मराठीत ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘मी एका डॉक्टरांना शोधतो आहे’ यांत हाच फरक आहे. शिवाय देण्याच्या क्रियेतील संप्रदान दाखविणारे चिन्हही दोन्ही भाषांत तेच : मारियाला पुस्तक देणारा ‘ला’ आणि मारियाला पाहणारा ‘ला’ एकच, तसा ‘आ’ही एकच. पृथ्वीच्या दोन टोकांना वाढलेल्या भाषांनी एकाच अडचणीवर काढलेला हा एकच तोडगा आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास येथे प्रबंधाचा विषय मिळेल. पदवीच्या विद्यार्थ्यास निदान एक तास वाचल्याचा आनंद मिळावा.

भूतकाळाची गोष्ट अशीच. ‘फुई’ आणि ‘ईबा’ या दोन रूपांतील भेद हा स्पॅनिश शिकणाऱ्यांचा कायमचा घोळ मानला जातो. काल मी नदीवर गेलो, येथे ‘फुई’. लहानपणी मी नदीवर जाई, येथे ‘ईबा’. मराठीच्या शालेय व्याकरणात रीतिभूतकाळ नावाचा एक प्रकार शिकविला जातो व परीक्षेनंतर विसरला जातो. ‘तो जाई’, ‘ती म्हणे’, ‘आम्ही बसू’ ही रूपे आज बोलण्यातून मागे पडली असली तरी ‘जात असे’ ही रचना सर्वांच्या तोंडी आहे. मात्र येथे सावध राहणे आवश्यक आहे. स्पॅनिश ‘ईबा’ हे ‘जाई’ आणि ‘जात होतो’ या दोहोंचा भार एकट्याने वाहते. मराठी तो दोन रूपांत वाटून देते. साम्य पूर्ण नाही. परंतु मराठी विद्यार्थी निदान प्रश्न काय आहे हे जाणून वर्गात येतो, आणि इंग्रजीच्या साध्या भूतकाळात ही दोन्ही रूपे मिसळून गेल्यामुळे मध्यस्थी होताच त्याचे हे ज्ञान निरुपयोगी होते.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. क्रियापदाच्या अर्थांची जी चर्चा मराठी व्याकरणपरंपरेत झाली, त्यातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ ही चौकट शाळेपर्यंत पोहोचलेली आहे. स्पॅनिशच्या विद्यार्थ्यास ज्याची सर्वांत धास्ती वाटते त्या ‘सुब्खुन्तिवो’ या अर्थाचा मोठा भाग विध्यर्थाच्या आधारे उलगडतो. ‘कियेरो के वेंगास’ याचे ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ याहून चांगले स्पष्टीकरण कोणते? इच्छा, शंका, अपेक्षा यांच्या छायेत आलेले क्रियापद आपले रूप बदलते, हे मराठीभाषकाला उपजत ठाऊक असते. इंग्रजीत ही रूपे जवळजवळ लोपल्यामुळे तेथून येणारा विद्यार्थी या प्रदेशात परका असतो.

लिंगवचनाच्या अन्वयाविषयी थोडक्यात सांगता येईल. मराठीत ‘पांढरा-पांढरी’ होते व ‘लाल’ बदलत नाही; स्पॅनिशमध्ये ‘ब्लांको-ब्लांका’ होते व ‘वेर्दे’ लिंगानुसार बदलत नाही. रंग वेगळे, तत्त्व एकच. स्पॅनिशने नपुंसकलिंग जवळजवळ सोडून दिले, तरी ‘लो ब्वेनो’ (जे चांगले ते) यासारख्या रचनेत त्याचा अवशेष आहे आणि मराठीचे नपुंसकलिंगी ‘चांगले’ अगदी तेच काम करते. उच्चाराच्या बाबतीत स्पॅनिशचे त आणि द हे दंत्य आहेत. म्हणजे ते आपलेच त आणि द आहेत. तरीही इंग्रजीच्या वळणाने ‘तेंगो’चे ‘टेंगो’ आणि ‘दोस’चे ‘डोस’ करणारे मराठी विद्यार्थी आढळतात. जो वर्ण आईकडून मिळाला तो टाकून उसना वर्ण घेण्याची ही तऱ्हा आहे. सेर्वान्तेसच्या 1605 आणि 1615 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक आधुनिक स्पॅनिश उच्चारात ‘दोन किखोते’ आहे. मराठीत तो पिढ्यान्पिढ्या ‘डॉन क्विक्झोट’ म्हणून वावरला. नावातच प्रवासाचा मार्ग नोंदला गेला आहे.

येथे एकांगी होण्याचा धोका आहे, म्हणून उलट बाजूही मांडली पाहिजे. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन अस्तित्ववाचक क्रियापदांच्या भेदात मराठीचा फारसा उपयोग नाही. ‘पाणी थंड आहे’ व ‘बर्फ थंड असतो’ यांतील फरक जवळचा वाटला तरी तो तोच नव्हे आणि त्यावर विसंबणारा विद्यार्थी फसतो. मराठीत उपपदे नाहीत, स्पॅनिशमध्ये ती पदोपदी आहेत. ‘मी पुस्तक वाचले’ या कर्मणी रचनेत क्रियापद पुस्तकाच्या लिंगाशी जुळते, स्पॅनिशमध्ये ते कर्त्याशीच जुळते. अशा ठिकाणी मराठी आडवी येते आणि इंग्रजीचा आधार अधिक विश्वसनीय ठरतो. तुलनेचा अर्थ साम्य शोधणे एवढाच नसून कोठे आपली भाषा दगा देईल हे आधी कळणे हाही आहे. ही सूचना केवळ मराठी जाणणारा व मराठीकडे भाषा म्हणून पाहणारा शिक्षकच देऊ शकतो.

कोणाची मातृभाषा?

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. उल्हासनगर-अंबरनाथच्या वर्गात सगळे मराठीभाषक नसतात. सिंधी, हिंदी, गुजराती, तेलुगू घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. मग मराठीच का? आक्षेप रास्त आहे; परंतु तो इंग्रजीच्या बाजूने जात नाही. ‘मुझे आम पसंद है’ असे म्हणणारा हिंदीभाषकही संप्रदानाच्याच वाटेने चालतो. अनुभव घेणाऱ्या व्यक्तीस कर्तेपण न देता ‘ला’सारख्या प्रत्ययाने दर्शविण्याची पद्धत भारतीय भाषांत कुळांच्या सीमा ओलांडून पसरलेली आहे, द्राविडी भाषांतही ती आढळते. तात्पर्य, वर्गातील जवळजवळ प्रत्येकाच्या घरात या रचनेची किल्ली आहे आणि ती वर्गाबाहेर ठेवून येण्यास प्रत्येकाला सांगितले जाते. मराठी ही येथे त्या समाईक संपत्तीची उदाहरणादाखल निवडलेली भाषा आहे, तिची मक्तेदारी अभिप्रेत नाही.

रोजगाराचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. स्पॅनिश जाणणाऱ्या पदवीधरास काम देणाऱ्या कंपन्यांना इंग्रजी-स्पॅनिश अशी जोडी हवी असते, मराठी-स्पॅनिश नव्हे. ही वस्तुस्थिती आहे व विद्यार्थ्यापासून ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि पदवीच्या अखेरीस इंग्रजी यावे ही एक अपेक्षा झाली. पदवीच्या आरंभी ती आलीच पाहिजे ही दुसरी. पहिली अपेक्षा बाजाराची आहे. दुसरी विद्यापीठाने स्वतःहून घातलेली अट आहे आणि ती कोणावर पडते हे उघड आहे.

इंग्रजीपूर्व भेटी

इंग्रजीवाचून आयबेरियन भाषा आणि मराठी यांची गाठ पडू शकत नाही, ही समजूत इतिहासाला धरून नाही. विल्यम कॅरे यांचे इंग्रजीतील मराठी व्याकरण 1805 चे. त्यापूर्वी सत्तावीस वर्षे, 1778 मध्ये, रोम येथे ‘ग्रामातिका मरास्ता’ हे मराठीचे व्याकरण छापले गेले व त्याची भाषा पोर्तुगीज होती. स्पॅनिशची सख्खी बहीण म्हणता येईल अशा भाषेतून मराठीचे वर्णन झाले तेव्हा मध्ये कोणी दुभाषी उभा नव्हता. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे पदव्युत्तर अध्ययन चालते, त्याच्या मागे हा दीर्घ संबंध आहे.

शब्दांची साक्ष तर स्वयंपाकघरातच मिळते. चावी, पगार, पाव, बटाटा, बालदी हे शब्द मराठीने पोर्तुगीजकडून घेतले. स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘पागार’ (पैसे देणे) हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा तो त्याच्या घरातलाच असतो. (‘बाताता’ म्हणजे मात्र स्पॅनिशमध्ये सामान्यतः रताळे; ओळखीच्या शब्दांनी फसविण्याची रीत सर्व भाषांत सारखीच.) याहून जुना प्रवास उलट दिशेचा आहे. संस्कृत शर्करा, नारंग, चतुरंग व नीली हे शब्द फारसी-अरबीच्या मार्गाने स्पेनला पोहोचले आणि ‘आसूकार’, ‘नारांखा’, ‘आखेद्रेस’ व ‘आन्यील’ झाले. भाषेचा इतिहास हा मुख्य विषयातील एक प्रश्नपत्रिका असेल, तर हा भाग तिच्यात आपोआप यावयास हवा. तो लॅटिनपासून सुरू होऊन अरबीपाशी थांबतो, कारण पुढचा धागा भारतात आहे आणि भारतातील वर्ग तो स्वतःचा म्हणून उचलत नाही.

माणसांचे संबंधही आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. याच सिंधी समाजातील हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिब्राल्टर, कॅनरी बेटे आणि पुढे पनामापर्यंत पेढ्या चालवीत होते. क्लोद मार्कोविट्स या इतिहासकाराने 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या जाळ्याचा साधार मागोवा घेतला आहे. स्पॅनिश बंदरांत दुकान थाटणाऱ्या सिंधी माणसाला गिऱ्हाइकाची भाषा उचलावी लागली. ती त्याने विद्यापीठात शिकली नाही. उल्हासनगरच्या महाविद्यालयीन परिसरात स्पॅनिशचा विषय निघाला तर ती परकी पाहुणी म्हणून नव्हे, या समाजाच्या व्यापारी इतिहासातील एक विसरलेली भाषा म्हणून तिची ओळख करून देता येते.

मराठी माणसाचे उदाहरण पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. वर्ध्याचे हे क्रांतिकारक गदर चळवळीतून फिरत 1924 मध्ये मेक्सिकोला पोहोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका व गहू यांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळांच्या कार्यात भाग घेतला. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात त्यांची छबी आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले व 1967 मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्यांनी स्पॅनिशमधून शिकविले व स्पॅनिशमध्ये लिहिले असे विसाव्या शतकातील हे मराठीभाषक शास्त्रज्ञ स्पॅनिशच्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच भेटावयास हवेत. क्रांतिकारकांच्या चरित्रमालेत त्यांचे नाव येते. भाषेच्या अभ्यासक्रमात येत नाही.

‘येर्मा’ आणि ‘चांगुणा’

वाङ्मयाच्या अध्ययनात माध्यमाचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो. सर्वसाधारणपणे मराठीत स्पॅनिश साहित्य इंग्रजी भाषांतरांच्या मार्गाने आले. हिंदीत विभा मौर्य यांनी ‘दोन किखोते’ थेट मूळ स्पॅनिशमधून आणला. त्यामागे दिल्ली विद्यापीठातील अध्यापनाचे बळ होते. एखाद्या भाषेचा मुख्य विषय चालू असणे म्हणजे काय, याचे हे मूर्त उत्तर आहे. मराठीपाशी तसे बळ नसताही रंगभूमीने मात्र एक असाधारण काम करून ठेवले आहे.

फेदेरिको गार्सिया लोर्का याचे ‘येर्मा’ हे नाटक 1934 मध्ये माद्रिद येथे रंगभूमीवर आले. दोन वर्षांनी लोर्काची हत्या झाली. या नाटकाचे ‘चांगुणा’ हे मराठी रूपांतर जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले आणि रोहिणी हट्टंगडी यांची त्यातील शीर्षकभूमिका गाजली. लोर्काच्याच ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी 1991 मध्ये ‘रुक्मावती की हवेली’ हा हिंदी चित्रपट केला. आंदालुसियाच्या खेड्यातील बंद दारे भारतीय दिग्दर्शकांना ओळखीची वाटली, हे यावरून दिसते. प्रश्न ही ओळख पदवीच्या वर्गात कोणत्या शब्दांनी सांगावयाची हा आहे.

‘येर्मा’ हे नाव लोर्काने ‘येर्मो’ या विशेषणावरून घडविले. येर्मो म्हणजे जी जमीन पेरली जात नाही, ओसाड पडली आहे ती. इंग्रजी टिपेत याचा अर्थ वंध्या असा एका शब्दात दिला की विद्यार्थी पुढे जातो. मराठी वाचकापुढे येथे दोन शब्द उभे राहतात : ‘वांझ’ आणि ‘पडीक’. वांझ हा दोष देणारा शब्द आहे. तो बाईच्या देहावर शिक्का मारतो. पडीक जमीन मात्र नापीक असतेच असे नाही. ती कसली गेलेली नसते, एवढेच. नाटकाचा सारा वाद या दोन शब्दांमधील आहे. येर्मा आपल्याला पडीक मानते आणि नांगराची वाट पाहते. गाव तिला वांझ मानते. नवरा खुआन याला जमीन, जनावरे आणि पैसा पुरेसा वाटतो. मराठीतील हे दोन पर्याय समोर ठेवल्याशिवाय शीर्षकाचे विवेचन पुरे होत नाही, आणि इंग्रजी टीप त्यांतला एकच देते.

तीच गोष्ट ‘ओन्रा’ या शब्दाची. स्पॅनिश नाट्यपरंपरेत शतकानुशतके महत्त्वाचा ठरलेला हा शब्द माणसाच्या अंगच्या सन्मानापेक्षा लोकांच्या डोळ्यांत असलेल्या त्याच्या किमतीशी अधिक निगडित आहे. ‘सन्मान’, ‘प्रतिष्ठा’ हे संस्कृत प्रतिशब्द येथे तोकडे पडतात. मराठीत त्याला ‘अब्रू’ हा शब्द आहे. तो फारसीतून आला आणि घराच्या उंबऱ्यावर स्थिरावला. घराची अब्रू बाईच्या वागण्यात असते आणि ती जाते तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरेत जाते. खुआन आपल्या दोन बहिणींना घरात आणून बायकोवर पहारा बसवितो, तो प्रसंग ‘अब्रू’ या शब्दाने जितका उकलतो तितका अन्य शब्दाने उकलत नाही. हे वाचन मराठी विद्यार्थ्याकडे आधीच आहे. वर्गाने ते मागितले पाहिजे.

मराठी रूपांतराचे शीर्षक या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. ‘चांगुणा’ हे नाव उच्चारताच श्रियाळ राजा, चांगुणा राणी आणि चिलया बाळाची कथा जागी होते. अतिथीच्या रूपाने आलेल्या शिवाच्या मागणीखातर स्वतःच्या मुलाचे मस्तक उखळात कांडणारी ती आई. वरवर पाहता ही निवड विपरीत आहे; येर्माला मूलच नाही. परंतु नाटकाच्या अखेरीस येर्मा नवऱ्याचा गळा आवळते आणि आपणच आपल्या मुलाला मारले असे ओरडते. तिच्या मते खुआनबरोबर तिचे न जन्मलेले मूलही संपले. म्हणजे मूल नसलेली येर्माही शेवटी पुत्रघातिनी ठरते आणि ज्या समाजात चांगुणेची कथा सांगितली जाते तेथे हा शेवट पहिल्यापासून शीर्षकात दडलेला असतो. अर्थात चांगुणेचे मूल देवाच्या कृपेने परत येते. येर्माच्या जगात परत देणारा देव नाही. या विरोधामुळे मराठी शीर्षक मूळ नाटकावर एक कडवट भाष्य करते. ते अभिप्रेत होते की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. नाव ठेवले गेले की परंपरा आपले काम करतेच.

अशी तुलना करावयाची तर विद्यार्थ्यापाशी लोर्काचे स्पॅनिश हवे, मराठी रंगभूमीचा इतिहास हवा आणि श्रियाळ-चांगुणेची कहाणी ऐकलेली हवी. यांतली तिसरी गोष्ट आनंदनगरच्या अनेक घरांत श्रावणात मिळते. दुसरी अंबरनाथ-बदलापूरच्या एखाद्या ग्रंथालयात शोधता येते. पहिलीसाठी त्याला दिल्ली किंवा हैदराबाद गाठावे लागते आणि तेथे गेल्यावर ‘येर्मा’वरचा त्याचा निबंध, इतरांप्रमाणेच, वंध्यत्वाच्या त्या एका इंग्रजी शब्दापासून सुरू होतो.